तुरीच्या दिवसांतला अँप्लिफायर

वरच्या शेताकडून मळणी मशीनची घरघर यायला लागली की मी आधी आतल्या खोलीचं दार बघते आणि मग आभाळ. दार लावलेलं असलं तर सून कामात आहे. आभाळात ढग असले तर तूर धोक्यात आहे. दोन्ही एकाच दिवशी होऊ नये, एवढंच माझं म्हणणं असतं. एका वर्षी ते झालं. त्याला फार काळ लोटलेला नाही, आणि दर साली तुरीचे दिवस आले की ते वर्ष पुन्हा दारात येऊन बसतं.

या दिवसांचं लोक कौतुक करतात. मला ते जमत नाही. सकाळी बोटं वळत नाहीत एवढी थंडी, दुपारी डोकं तापवणारं ऊन. वाळलेला पाला नाकात जातो. मशीनच्या तोंडातून उडालेला भुसा मानेवर, पदरात, पाण्याच्या घागरीत, भाकरीवरसुद्धा. वाऱ्यानं पेंढ्यांतल्या शेंगा खुळखुळतात, तो आवाज तेवढा गोड. पीक घरात आल्यासारखं वाटतं. पोत्यात भरेपर्यंत त्या आवाजावर विश्वास ठेवू नये.

त्या वर्षी आमच्या मंठाळच्या घरात एक जड हेडफोन आला.

माझी सून गिरजा भालकीकडची. लग्नाआधी ती हैदराबादच्या एका स्टुडिओत कामाला होती. लोक पुस्तकं मोठ्यानं वाचतात, ते वाचन रेकॉर्ड होतं, आणि मग कुणीतरी ते शेवटपर्यंत ऐकून त्यात कुठं खरखर आली, कुठं ओठ चिकटल्याचा आवाज आला, कुठं पंखा ऐकू आला, ते शोधून काढायचं. हे शोधून काढणं गिरजाचं काम. लग्नानंतर तेच ती घरी बसून करायची. मला आधी पटायचं नाही. दुसऱ्याच्या वाचण्यातले खडे वेचायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे. पण तांदळातले खडे मी आयुष्यभर फुकट वेचले, म्हणून गप्प बसले.

मग स्टुडिओचा मालक बदलला. नवा म्हणाला, घरून केलेल्या कामात चुका राहतात. एक चाचणी पाठवतो. येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येच्या, दुसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या आत सगळ्या चुका शोधून परत द्या. जमलं तर घरून काम चालू ठेवा, नाही जमलं तर हैदराबादला येऊन राहा.

माझा मुलगा सोलापूरला गॅरेजात काम करतो, रविवारी येतो. त्या रविवारी तो जेवताना म्हणाला, "गिरजा गेली तर मीबी तिकडंच बघतो काम. आई, तूबी चल की."

"मी येत न्हाई. तुमाला जायचं तर जावा."

दुसऱ्या दिवसापासून मी फळीवरची धाकटी पातेली काढून बघायला लागले. एका माणसाचं वरण कशात होईल ते.

जुन्या मालकानं जाता जाता गिरजाला आपला हेडफोन पाठवून दिला होता. असल्या कामाला असलाच लागतो म्हणे. खलबत्त्यातल्या बत्त्यासारखा जड, आणि कानावरची एकेक वाटी लहान दशमीएवढी. गिरजानं तो मोठ्या हौसेनं कॉम्प्युटरला लावला आणि तिचं तोंड पडलं. मीही कानाला लावून बघितला. विहिरीच्या तळातून कुणीतरी बोलतंय आणि आपण काठावर उभं आहोत, तसं.

"मोडकं दिलंय तुला," मी म्हटलं.

"मोडकं न्हाई, आत्याबाई. आत चुंबकांच्या मधी पातळ पडदा हाय. तो हलवायला कॉम्प्युटरचा जोर पुरत न्हाई. अँप्लिफायर लागतो."

हेडफोनसाठीच बनवलेल्या अँप्लिफायरचं चित्र तिनं मला फोनवर दाखवलं. एक काळी पेटी, तिला एक बटण. किंमत वाचून मी म्हटलं, "एवढ्यात म्हैस येती."

"दुभती," गिरजा म्हणाली.

दुसरी वाट होती. असला दांडगा हेडफोन लाउडस्पीकरच्या साध्या अँप्लिफायरवरही चालतो, लोक चालवतात, असं तिनं वाचलं होतं. पण तो अँप्लिफायर डाव्या आणि उजव्या कानाला वेगळा आवाज देणारा पाहिजे, आणि गाणं नसताना अगदी गप्प बसणारा पाहिजे. जोर बेताचा. जोर जास्त झाला तर पडदा जळतो.

"आणि पडदा न्हाई जळाला तर?"

"तर माझा कान जातो," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

कान गेला तर मंठाळही नाही आणि हैदराबादही नाही. हे तिला कळत होतं, मला कळत होतं. बसवकल्याणची बस धरली.

चंद्राप्पाचं मांडव आणि लाउडस्पीकरचं दुकान माझ्या ओळखीचं. त्याचा बाप आमच्याकडच्या लग्नांना भोंगे लावायला यायचा. दुकानात भिंतीला अँप्लिफायरची थप्पी, आणि प्रत्येकावर एकेक लिंबू ठेवलेलं. दृष्ट लागू नये म्हणून.

"किती गावांला ऐकू जायला पायजे, आक्का?" चंद्राप्पानं विचारलं.

आमच्या भागात अँप्लिफायरचं माप हेच. जत्रेचा आवाज शेजारच्या शिवारात गेला पाहिजे. लग्नाचा आवाज वेशीबाहेर गेला पाहिजे, नाही तर सोयरे म्हणतात, मुलीचं लग्न चोरून केलं. ज्याचा भोंगा लांब जातो तो मोठा.

"एकाच माणसाला," गिरजा म्हणाली. "मला."

"एका माणसासाठी अँप्लिफायर? मग कानात सांगा की, ताई."

तरी त्यानं चांगल्यातला चांगला काढला. आत पंखा, पुढं दिवे. गिरजानं जड हेडफोन पिशवीतून काढलाच नाही. पहिल्यांदा घरातला एक स्वस्तातला लावला, जळाला तर जळू दे म्हणून. बटण अगदी खाली ठेवलं, डोळे मिटले आणि थोड्या वेळानं कानावरचा काढला.

"बंद करा, अण्णा. हे गुरगुरायलंय."

"आवो, गाणं तर अजून लावलंच न्हाई."

"म्हणूनच ऐकू यायलंय."

चंद्राप्पानं माझ्याकडे बघितलं. पण मला ते बरोबर समजलं होतं. उन्हाळ्यात मी तुरीच्या पोत्याला कान लावते. आत किडा असला तर बारीक कुरकुर येते. चांगल्या पोत्यातून काहीच येत नाही, आणि काहीच येत नाही हे पक्कं ऐकायला वेळ लागतो. घाईनं कान काढला की पुढं वर्षभर किडकी डाळ.

दुसरा लावला, तो माशीसारखा भणभणला. तिसऱ्याचा आवाज स्वच्छ होता, पण डावं-उजवं एकच. दुपार कलायला लागली. परतीची बस निघायची वेळ झाली होती आणि चाचणीचा दिवस जवळ आला होता. गिरजा बोलायची थांबली. ती कमी बोलायला लागली की मला भीती वाटते, कारण रडणं तिच्यात नाही.

मग तिची नजर कोपऱ्यातल्या फळीवर गेली. तिथं देवाच्या फोटोखाली एक जुना, लहान अँप्लिफायर होता. त्याला हार घातलेला, कपाळासारखे विभूतीचे पट्टे ओढलेले.

"ते काय हाय?"

"ते अप्पाचं," चंद्राप्पा म्हणाला. "धंदा सुरू केला तवाचं. मांडवाच्या दोन अंगाला स्पीकरचे दोन डबे लावायचा, एवढंच. आता भाड्यानं देत न्हाई. दर अमावस्येला पूजा करतो, संतांच्या वचनाचं एक गाणं लावतो आणि बंद करतो."

"म्हंजे चालू हाय."

"ताई, देवातलं यंत्र कुणी मागतंय व्हय?"

मी म्हटलं, "चंद्राप्पा, माझ्या नणंदेच्या लग्नात तुझा अप्पा हेच घेऊन आला होता. मांडवात मुलं त्याच्या तारांवर पाय देऊन पळायची आणि तो शिव्या द्यायचा. त्यानं ते भाड्यानं दिलं, दर्शनाला ठेवलं न्हाई. आम्ही ते ऐकलं, पाया पडलो न्हाई."

चंद्राप्पानं हार काढला आणि फळीवरून ते यंत्र दोन्ही हातांनी उतरवलं.

गिरजानं पुन्हा डोळे मिटले. रस्त्यावर रिक्षावाला कुणाला तरी हाका मारत होता. चंद्राप्पा माझ्याकडे, मी गिरजाकडे.

"काय ऐकू यायलंय?" त्यानं शेवटी विचारलं.

"काहीच न्हाई."

"बिघडलं वाटतं. अमावस्येला तर चांगलं होतं."

"बिघडलं न्हाई, अण्णा," गिरजा म्हणाली, आणि मग पिशवीतून तिनं जड हेडफोन काढला.

चंद्राप्पाची एकच अट होती. येळवशीची अमावस्या जवळ आली होती. त्या दिवशी पूजा चुकायची नाही. "मग तुम्ही आमच्या घरी या पूजेला," गिरजा म्हणाली. यंत्र मी मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. रस्त्यानं हादरे बसत होते आणि माझे गुडघे त्याच्याखाली दुखत होते. शेजारची बाई विचारत होती, "काय हाय त्यात, आक्का?" मी म्हटलं, "सून."

घरी गिरजानं हेडफोनच्या चार तारा चार ठिकाणी जोडल्या. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर यंत्र गेलं, असं तिनं सांगितलं आणि प्रत्येकीला चिकटपट्टी गुंडाळली. बटण इतकं हळू फिरवलं की फिरतंय की नाही दिसेना. मी दारात उभी. तिनं हात वर केला, म्हणजे गप्प राहा. मी गप्पच होते.

"वाचणाऱ्या बाईची बांगडी वाजलीय," ती म्हणाली. "आत्याबाई, पान उलटताना. हे मला आजवर ऐकूच आलं नव्हतं."

त्या रात्रीची भाकरी मला बरी लागली. आणि दुसऱ्या दिवशी गावाला वीज देणारी डीपी जळाली.

येळवस आली ती वीज नसलेलीच. येळवशीला आमच्याकडे घरात कुणी थांबत नाही. सगळं गाव शेतात जातं, ज्वारीत कडब्याची कोपी करतात, पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि ताकातली अंबील नेतात, मोकळ्या रानात पंगती बसतात. गाव इतकं रिकामं होतं की कुत्रीसुद्धा माणसांच्या मागं गेलेली असतात. हाच दिवस गिरजानं चाचणीसाठी धरून ठेवला होता, कारण तो हेडफोन बाहेरचा आवाज अडवत नाही. त्याच्या वाट्यांना मागून जाळी आहे. शेजारची चक्की, ट्रॅक्टर, सगळं आत येतं. वर्षातला सगळ्यात शांत दिवस समोर होता आणि यंत्राला वीज नव्हती. आम्ही शेतात गेलो. भज्जी नेहमीसारखीच झाली होती. गिरजानं दोन घास खाल्ले आणि आभाळाकडे बघत बसली. ढग यायला लागले होते.

आम्ही शेतातून परतल्यावर, ठरल्याप्रमाणे दुपारी, चंद्राप्पा घरी आला. वचन लावता येत नाही, याचं त्याला वाईट वाटलं. म्हणून पूजा त्यानं नेहमीपेक्षा जोरात केली. एरवी विभूती वरच्या पत्र्याला लावायचा. त्या दिवशी म्हणाला, आता यंत्र पुन्हा कामाला लागलंय, त्याच्या हातालाही लावू. आणि बटणाला चांगली चिमूट भरून लावली, गोल फिरवून.

दुसऱ्या दिवशी, चाचणी परत द्यायच्या दिवशी, दुपारी वीज आली. लाइनमन ओरडून गेला, दिवस मावळेपर्यंत राहील, पुढचं माहीत नाही. गिरजानं कानाला लावलं आणि लगेच काढलं.

"खरखर यायलीय."

"रेकॉर्डमधी?"

"तेच कळंना."

तिचं काम म्हणजे खरखर शोधायची. आता यंत्रच खरखरत असेल तर खोटी कुठली आणि खरी कुठली, हे ती कसं सांगणार. तिनं रेकॉर्ड थांबवलं, नुसतं बटण फिरवलं. खरखर आली. बटणाच्या फटीतून विभूती आत गेली होती. आम्ही चंद्राप्पाला फोन लावला. तो येईपर्यंत गिरजा हात मांडीत धरून बसली.

त्यानं यंत्र उघडलं तेव्हा परसातून हाक आली. सायबण्णा मळणी मशीन घेऊन आला होता. पाळी आमची होती. खळं घराच्या मागंच, आतल्या खोलीच्या भिंतीला लागून. आभाळ काळं झालेलं.

"आक्का, लावू का मशीन?"

"जरा थांब."

"थांबायला जमत न्हाई. आभाळ बघा. तुमची पाळी सोडली तर मी खालच्या वस्तीवर जातो, मग तीन-चार दिवस इकडं येत न्हाई."

मी आत आले. चंद्राप्पा पेट्रोलमध्ये भिजवलेल्या बोळ्यानं बटणाच्या आतलं पुसत होता. खाली पसरलेल्या कागदावर राखाडी भुकटी पडत होती. त्यातली थोडी त्यानं बोटानं उचलून कपाळाला लावली. "अप्पाच्या हातचीबी असंल ह्यात," तो म्हणाला.

"धूळच जास्त हाय. पूस लवकर," मी म्हटलं.

त्यानं झाकण बसवलं. गिरजानं बटण फिरवलं, परत फिरवलं. तिचा चेहरा सैल झाला. "गेली." बटणात जीव अडकल्यानं बाहेर मशीन आलीय हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. तिनं घड्याळ बघितलं, दार लावलं.

दाराबाहेर मी आणि चंद्राप्पा उरलो. परसात तुरीची गंजी. त्यातली निम्मी घरच्या वरणाची, बाकीची बाजाराची. सगळं वर्ष त्यात उभं होतं. मशीन लावली असती तर अंधाराच्या आत तूर पोत्यात आली असती आणि भिंतीपलीकडे गिरजाला भुशाच्या घरघरीशिवाय काही ऐकू आलं नसतं.

मी बाहेर जाऊन सायबण्णाला सांगितलं, "जा तू खालच्या वस्तीवर."

"आक्का, पाऊस येणार हाय."

"मलाबी डोळे हायत."

"मग कामून?"

"आत सुनेचं काम चाललंय."

त्यानं एकदा लावलेल्या दाराकडे बघितलं, ट्रॅक्टर वळवला आणि लांब गेल्यावरच वेग वाढवला. तेवढी त्याला समज होती.

मग मी आणि चंद्राप्पानं ताडपत्री ओढली. ती कोपऱ्यात फाटलेली होती, हे मला माहीत होतं, त्यालाही दिसलं. दगड ठेवले, तेही हळू, आवाज होऊ नये म्हणून. वारा सुटला. मला गंजीची काळजी होती, आणि तिच्यापेक्षा आतल्या खोलीच्या पत्र्याची. काम संपायच्या आधी पाऊस पत्र्यावर वाजला असता तर तूरही गेली असती आणि चाचणीही. आम्ही ओसरीवर बसलो. चंद्राप्पा जन्मभर आवाज लांब पोचवत आला होता. त्या दिवशी तो खोकलासुद्धा पंच्यात दाबत होता.

दिवस मावळताना दार उघडलं. गिरजाचे कान वाट्यांच्या दाबानं लाल झाले होते.

"पाठवलं," ती म्हणाली. मग परसात नजर गेली. "आत्याबाई, मशीन आली न्हाई?"

"आपली पाळी गेली."

चंद्राप्पा चपला शोधायला खाली वाकला. पहिला थेंब पत्र्यावर वाजला आणि मग पाऊस आला.

फाटक्या कोपऱ्यातून पाणी आत गेलं. तूर सगळी गेली नाही, पण बरीच डागी झाली. बाजारात कोण घेतो. चांगली ती विकली, डागी घरी ठेवली. संक्रांतीच्या सुमाराला हैदराबादहून उत्तर आलं. गिरजा फोन हातात घेऊन चुलीपाशी आली आणि म्हणाली, घरूनच काम करायचंय. मी म्हटलं, "बरं. पीठ संपलंय, चक्कीवर जाऊन ये." धाकटं पातेलं मी फळीवर मागं ढकललं.

वर्षभर आम्ही काळपट वरण खाल्लं. त्याला वास यायचा, थोडा ओल्या गोणपाटासारखा. एका रविवारी मुलानं ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "डाळ अशी कामून?" मी उत्तर देणार तेवढ्यात गिरजा म्हणाली, "मला अशीच आवडती," आणि आणखी एक पळी आपल्या ताटात वाढून घेतली. सायबण्णाची बायको तिला चक्कीवर भेटते, हे मला तेव्हा आठवलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मीही बघितलं नाही.

अँप्लिफायर आमच्याकडेच आहे. चंद्राप्पा अमावस्येला येतो. गिरजा बटणावर फडकं बांधून ठेवते, मग तो वरच्या पत्र्याला विभूती लावतो, आणि जड हेडफोन कानाला लावून एक वचन ऐकतो. बाहेर कुणालाच ऐकू येत नाही. त्याला आधी ते चमत्कारिक वाटायचं. आता डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकतो.

आज पुन्हा ढग आहेत. मशीन वळणावर आली, आता परसात आली. आतल्या खोलीचं दार लावलेलं आहे. सायबण्णा मशीनपाशी उभा राहून माझ्याकडे बघतो आहे, मी काय म्हणते त्याची वाट बघत. मी तोंड उघडायच्या आत दार उघडतं. गिरजा बाहेर येते, नाकातोंडाला फडकं गुंडाळलेलं, हातात पेंढी.

"लावा, अण्णा," ती म्हणते.